सनदेला दार हवे

आज एका शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे ‘सनद’. आपल्या कोकणाला तो नवा नाही. खोतीची सनद, इनामाची सनद, मशिदीच्या नाहीतर देवळाच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या जमिनीची सनद. आमच्या दापोली तालुक्यात आजही एखाद्या घरात पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला पिवळा कागद असतो. त्यावरची मोडी घरातल्या कोणालाही वाचता येत नाही. पण तो कागद घरात आहे, एवढ्यानेच घरच्यांना धीर वाटतो.

शब्द मुळात अरबी. नुसता सनदच नाही. हक्क, कायदा, वकील, अर्ज, दावा, कैद हे सगळे शब्द अरबीतूनच फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि आपल्या कचेऱ्यांत असे रुळले की आता त्यांना परके म्हणायची सोय उरली नाही. ‘तक्रार’ हा शब्दही अरबी. अरबीत त्याचा अर्थ होतो पुन्हा पुन्हा म्हणणे. ज्याने कधी तहसील कचेरीत चार खेटे घातले आहेत, त्याला हा मूळ अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही!

आता मुद्द्यावर येतो. २००८ सालच्या मे महिन्यात माझा मामेभाऊ आखातातून परत आला. बांधकामावर शटरिंगचा सुतार होता. सहा वर्षे तिथे काढली. शेवटच्या सात महिन्यांचा पगार मालकाकडे राहिला होता आणि पासपोर्ट तर पहिल्या दिवसापासून मालकाच्या कपाटात. गावच्याच चार मुलांनी वर्गणी काढून तिकीट दिले, तेव्हा तो घरी पोहोचला. दोन बॅगा आणि सात महिन्यांचा हिशोब लिहिलेली एक वही, एवढेच घेऊन. चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. म्हणाला, “भाय, अरब देशांनी म्हणे माणसांच्या हक्कांची सनद लागू केली. तिथे सगळे बोलत होते. तू बी.ए. झालास. वाचून सांग, माझे सात महिने त्यात बसतात का?”

बी.ए. झाल्यापासून मोहल्ल्यातला पत्रलेखक मीच. बायकांची पत्रे लिहिली, फॉर्म भरले, तारा वाचल्या. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कविता लिहिणाऱ्याला कायद्याची भाषा कळायला वेळ लागतो. हळूहळू वाचत गेलो. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व ‘पुरुष’ समान आहेत, असा अर्थ निघेल अशी इंग्रजी शब्दरचना होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे सर्व ‘माणसे’ असा बदल झाला. हंसाबाई महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. आणि अण्णासाहेब कर्वे आमच्या तालुक्यातल्या मुरुडचे. त्यामुळे जगाच्या त्या कागदावरच्या एका शब्दाशी दापोलीचे लांबचे का होईना, नाते आहे असे मी मानतो.

त्या मतदानात ४८ देश बाजूने होते, विरोधात एकही नव्हता आणि आठ देश तटस्थ राहिले. त्या आठांत दक्षिण आफ्रिका होती आणि सौदी अरेबियाही. म्हणजे कोकणातली माणसे पोट भरायला जिथे जात होती आणि पुढे जाणार होती, त्यांतल्या दोन देशांनी त्या दिवशी हात वर केला नाही. बाकी आफ्रिकेचे तर मतच नव्हते. राष्ट्रसंघात तेव्हा त्या अख्ख्या खंडातले चारच देश होते. उरलेला खंड युरोपच्या ताब्यात.

जागतिक जाहीरनामा असताना प्रांतोप्रांतीच्या वेगळ्या सनदा कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. याचे उत्तर आपल्या गावात आहे. बांधाचे भांडण झाले की आपण एकदम मुंबईच्या हायकोर्टात जात नाही. आधी वाडीतली चार माणसे बसतात, जमातीत किंवा गावकीत विषय निघतो, मग तालुका, मग जिल्हा. शेजाऱ्याला शेजाऱ्याची खोड ठाऊक असते आणि शेजाऱ्याची भीडही असते. याच विचाराने युरोपातल्या देशांनी १९५० मध्ये रोम शहरात आपला करार केला आणि त्यावर न्यायालय बसवले. अमेरिका खंडातल्या देशांनी १९६९ मध्ये केला. मग आफ्रिका आणि नंतर अरब देश.

आफ्रिकेपासून सुरू करू, कारण आमच्या घरात आफ्रिका आखाताच्या आधी आली. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला जात होते. आजही तिथे त्यांची वस्ती आहे आणि ते स्वतःला कोकणीच म्हणवतात. माझ्या आजीचे एक चुलते असेच गेले. पुढे १९१३ च्या कायद्याने हिंदुस्थानातून नव्याने येणाऱ्यांना दरवाजे जवळजवळ बंद झाले. १९५० मध्ये वस्त्या वर्णाप्रमाणे तोडणारा कायदा आला. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केपटाऊनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा मिश्र वस्तीचा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवण्यात आले. आपल्या कोकणी लोकांची घरे-दुकानेही त्यात गेली. आजीकडे येणाऱ्या पत्रावरचा पत्ता बदलला, तेव्हा तिला वाटले की चुलत्यांनी मोठे घर घेतले असेल!

पूर्व आफ्रिकेतही तेच, फक्त तऱ्हा वेगळी. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. तीन पिढ्यांचे संसार सोडून माणसे विमानतळावर आली. पण हे फक्त भारतीयांच्या वाट्याला आले असे समजू नका. जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाने लाखो घानावासीयांना काही आठवड्यांत बाहेर काढले. चौकड्यांच्या ज्या प्लॅस्टिकच्या बॅगांत त्यांनी सामान भरले, त्या बॅगेला त्या भागात आजही घानावाल्यांच्या त्या हकालपट्टीवरूनच ओळखतात. तशीच बॅग मुंबईहून दापोलीला येणाऱ्या एसटीत आपण नेहमी पाहतो.

या पार्श्वभूमीवर आफ्रिकेची सनद वाचावी. २७ जून १९८१ रोजी नैरोबी येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने ती मंजूर केली. मसुद्याच्या बैठका गांबिया या छोट्या देशाच्या राजधानीत, बांजुल येथे झाल्या म्हणून तिला ‘बांजुल सनद’ही म्हणतात. सेनेगलचे न्यायविद केबा म्बाये यांचा त्यात मोठा वाटा. २१ ऑक्टोबर १९८६ पासून ती अमलात आली. आज आफ्रिकी संघाच्या ५५ देशांपैकी मोरोक्को सोडून सर्वांनी ती स्वीकारली आहे.

या सनदेच्या तीन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली, तिच्या नावातच माणसांचे ‘आणि लोकसमूहांचे’ हक्क आहेत. आपल्या नैसर्गिक संपत्तीवर, विकासावर आणि चांगल्या पर्यावरणावर लोकसमूहाचा हक्क ती मानते. वसाहतीचा जाच सोसलेल्या खंडाला एकट्या माणसाचा हक्क पुरेसा वाटला नाही. दुसरी, हक्कांबरोबर तिने कर्तव्येही सांगितली. आईवडिलांचा मान राखणे आणि गरज पडल्यास त्यांचा सांभाळ करणे, हे तिथे कलम म्हणून लिहिले आहे. तिसरी गोष्ट बाराव्या कलमात आहे. परक्या देशातून रीतसर आलेल्या माणसाला कायद्याने घेतलेल्या निर्णयाशिवाय बाहेर काढता येणार नाही, आणि राष्ट्र, वंश, जमात किंवा धर्म पाहून परक्यांची सामूहिक हकालपट्टी करता येणार नाही. अमीनच्या त्या नव्वद दिवसांनंतर नऊ वर्षांनी हे कागदावर आले. ज्या १९८३ साली नायजेरियाने घानावाल्यांना घालवले, त्याच वर्षी पुढे नायजेरियानेही या सनदेवर मान्यतेची मोहर उठवली. राज्यकर्त्यांचे असेच असते. हात एक करतो आणि सही दुसरा.

आता कुणी म्हणेल, कागदच तो. पण इथे कागदाला दार होते. सनदेने एक आयोग नेमला. तो बांजुलला बसतो. देशातले कोर्टकचेरीचे मार्ग संपले, किंवा ते नावापुरतेच आहेत असे दिसले, तर साधा माणूस किंवा एखादी संस्था तिथे तक्रार करू शकते. १९९२ मध्ये झांबियाने पश्चिम आफ्रिकेतल्या ५१७ जणांना देशाबाहेर काढले. त्यातल्या बहुतेकांना आधी दोन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवले होते, वकिलाला भेटायचीही सोय नव्हती. सेनेगलमधल्या एका संस्थेने तक्रार केली. झांबियाचे म्हणणे, ही माणसे बेकायदा राहत होती आणि त्यांनी आमच्या कोर्टात जायला हवे होते. आयोगाने १९९६ मध्ये सांगितले, की डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टात जायला हवे होते असे म्हणण्यात अर्थ नाही. आणि माणूस बेकायदा राहत असला तरी त्याचे म्हणणे एकेकट्याने ऐकून घ्यायला हवे. ही सामूहिक हकालपट्टीच आहे, सनदेचा भंग आहे.

आयोग शिफारस करतो, त्याला हुकूम काढता येत नाही. म्हणून १९९८ मध्ये न्यायालय स्थापण्याचा वेगळा करार झाला. तो २००४ मध्ये अमलात आला आणि न्यायालय टांझानियातल्या अरुशा शहरात बसू लागले. केनियाच्या माऊ जंगलात राहणारी ओगिएक नावाची जमात आहे. मध गोळा करणारी, शिकार करणारी. जंगल वाचवायचे म्हणून सरकारने त्यांना उठवायचे ठरवले. २६ मे २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की जंगलाच्या नासाडीचे खापर या लोकांच्या माथी मारता येत नाही आणि त्यांच्या जमिनीचा, धर्माचा, संस्कृतीचा हक्क मोडला गेला आहे. २०२२ मध्ये सुमारे १५ कोटी ७८ लाख केनियन शिलिंग भरपाई आणि जमिनीचे सामूहिक मालकीपत्र देण्याचा आदेश झाला.

पण चित्र गुलाबी करून सांगत नाही. त्या निकालानंतर २०२३ च्या अखेरीस माऊ जंगलात पुन्हा घरे पाडली गेली. आणि ज्या टांझानियात हे न्यायालय बसते, त्याच टांझानियाने २०१९ मध्ये आपल्या नागरिकांना आणि संस्थांना तिथे थेट दावा लावू देण्याची परवानगी मागे घेतली. त्याआधी रवांडाने २०१६ मध्ये तेच केले होते. दार आहे, पण घरमालक आतून कडी लावू शकतो.

आता अरब देशांकडे येऊ. अरब लीग ही संघटना २२ मार्च १९४५ रोजी स्थापन झाली, म्हणजे राष्ट्रसंघाच्याही आधी. १९६८ मध्ये तिने मानवी हक्कांसाठी कायम समिती नेमली. पहिली अरब सनद मंजूर व्हायला सप्टेंबर १९९४ उजाडले, आणि ती अमलात आलीच नाही. मग ती नव्याने लिहून मे २००४ मध्ये ट्युनिस येथील शिखर परिषदेत मंजूर केली. सात देशांच्या मान्यतेची अट पुरी झाली आणि १५ मार्च २००८ रोजी ती लागू झाली. पहिल्या सातांत बहरीन आणि संयुक्त अरब अमिरात होते. सौदी अरेबिया, कतार आणि कुवेत नंतर आले. माझ्या भावाच्या छावणीत जी चर्चा होती, ती हीच.

मी ही सनद भावाच्या वहीशेजारी ठेवून वाचली. दहावे कलम वेठबिगारी आणि माणसांचा व्यापार यांना बंदी घालते. चौतिसावे कलम कामाच्या न्याय्य अटींचा हक्क सांगते आणि बाहेरून आलेल्या कामगारांना आवश्यक ते संरक्षण देण्याची जबाबदारी देशावर टाकते. सव्विसावे कलम सामूहिक हकालपट्टीला पूर्ण मनाई करते. वाचताना मला उमेद वाटू लागली. पण मी ते चौतिसावे कलम पुन्हा वाचले. संरक्षण द्यायचे ते ‘प्रचलित कायद्यांनुसार’. आणि प्रचलित कायदा कोणता? आखातातल्या बहुतेक देशांत तेव्हा ‘कफाला’ होती. कफील म्हणजे जामीनदार. परदेशी कामगाराचा मुक्काम त्या एका मालकाच्या जामिनावर. त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नाही, काही देशांत तर देशही सोडता येत नाही. म्हणजे सनद म्हणते कायद्याने सांभाळा, आणि कायदा म्हणतो मालकाला विचारा.

दुसरी गोष्ट शब्दांची. या सनदेत काही हक्क ‘प्रत्येक व्यक्ती’चे आहेत आणि काही फक्त ‘नागरिकां’चे. मोफत प्राथमिक शिक्षण, सामाजिक सुरक्षा, सभा-संघटनेचे राजकीय हक्क नागरिकांना. ज्या देशांत निम्म्याहून अधिक वस्ती परक्यांची आहे, तिथे हा एक शब्द किती माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवतो, याचा विचार करा. न्यायाने सांगायचे तर आपल्या राज्यघटनेतही असा फरक आहे. भाषणस्वातंत्र्य नागरिकाला, पण जीविताचा हक्क आणि कायद्यापुढची समानता प्रत्येक व्यक्तीला. तेव्हा फरक असणे हा गुन्हा नाही. प्रश्न असतो, कोणता हक्क कोणत्या बाजूला ठेवला.

याशिवाय या सनदेवर बाहेरूनही टीका झाली. जानेवारी २००८ मध्ये राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क उच्चायुक्त लुईस आर्बर यांनी सांगितले, की अल्पवयीनांना फाशी, स्त्रियांचे हक्क आणि परक्या नागरिकांचे हक्क या बाबतींत ती आंतरराष्ट्रीय मापदंडात बसत नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव, तिला दार नाही. सनदेने सात सदस्यांची समिती नेमली. देश आपापला अहवाल पाठवतात, समिती तो वाचते, सूचना करते. पण शटरिंगच्या सुताराला आपली वही घेऊन त्या समितीकडे जाता येत नाही. व्यक्तीची तक्रार ऐकण्याची तरतूदच नाही. २०१४ मध्ये अरब मानवी हक्क न्यायालयाचा आराखडा मंजूर झाला, बहरीनची राजधानी मनामा हे त्याचे ठिकाण ठरले. ते न्यायालय अजून उभे राहिलेले नाही, आणि त्या आराखड्यातही दावा लावण्याचा मुख्य अधिकार देशांनाच दिला आहे.

म्हणून भावाला उत्तर असे, की तुझे सात महिने सनदेच्या शब्दांत बसतात, पण ते घेऊन जायची खिडकी तिच्यात नाही.

खिडकी असली की काय होते, तेही मी पाहिले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. त्या वेळी भारत सरकारने सुमारे एक लाख सत्तर हजार माणसे विमानांनी परत आणली. त्यांत कोकणातलीही पुष्कळ होती. पुढे १९९१ मध्ये राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसा कापून घ्यायचा आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना द्यायचा. कुवेत-इराक सोडावे लागलेल्या साध्या माणसासाठी ठरलेली रक्कम होती, एकट्याला २५०० ते ४००० डॉलर, कुटुंबाला ५००० ते ८०००. आमच्या मोहल्ल्यातले असे फॉर्म मी भरले आहेत. तिथे राहत होतो याचा पुरावा म्हणून कुणी पासपोर्टाची पाने आणली, कुणी दुकानाची पावती. वर्षे गेली, लोक विसरलेसुद्धा, आणि मग एकेकाच्या नावाने पैसे आले. कुणाचे छप्पर झाले, कुणाच्या मुलीचे लग्न. त्या आयोगाने शेवटचा हप्ता २०२२ मध्ये दिला आणि एकूण वाटप सुमारे ५२ अब्ज डॉलरांवर गेले. तिथे शब्द मोठे नव्हते. फॉर्म होता, खिडकी होती आणि पैसा कुठून येणार हे ठरलेले होते.

आपल्याला हा धडा लांबून घ्यायची गरज नाही. दापोलीत ज्यांचे बालपणीचे काही दिवस गेले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो शेजारच्या महाडला शिकवला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला होता. पण २० मार्च १९२७ पर्यंत त्या कागदाने कुणाची तहान भागली नव्हती. त्या दिवशी माणसे चालत तळ्यापर्यंत गेली आणि ओंजळ भरली. त्यानंतरही कोर्टातला दावा १९३७ पर्यंत चालला.

आणि आम्हा मुसलमानांना तर आमच्याच इतिहासात याहून जवळचे उदाहरण आहे. इस्लामच्या आधीच्या मक्केत येमेनचा एक व्यापारी माल घेऊन आला. तिथल्या एका बड्या असामीने माल घेतला आणि पैसे बुडवले. परका माणूस, ना टोळी ना नातेवाईक. त्याने उघड्यावर उभे राहून दाद मागितली. तेव्हा मक्केतली काही मंडळी एका घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली, की अन्याय झालेला माणूस इथला असो की परका, त्याचे देणे वसूल होईपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. याला ‘हिल्फुल फुदूल’ म्हणतात. तरुण मुहंमद पैगंबर त्या बैठकीला हजर होते आणि पुढे पैगंबर झाल्यावरही त्यांनी त्या कराराचा गौरवच केला. मजुराची मजुरी वेळेवर देण्याची शिकवण तर मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा परक्याचे थकलेले देणे ही गोष्ट अरब भूमीला कुणी पश्चिमेकडून येऊन शिकवायला हवी, असे नाही. ती तिथलीच आहे. तिथल्या कचेरीत ती परत यायला हवी, इतकेच.

बदल होतच नाहीत असेही नाही. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत दाखल्याशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली आणि मार्च २०२१ पासून दरमहा किमान १००० रियाल वेतन ठरवले. सौदी अरेबियानेही २०२१ मध्ये बऱ्याच कामगारांसाठी नियम सैल केले. पण यामागे सनदेपेक्षा जगाची नजर आणि कामगार संघटनांचा रेटा अधिक होता.

आखातात निघालेल्या तरुणांना म्हणून चार गोष्टी सांगतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ठरावीक देशांसाठी उत्प्रवासन परवानगी लागते. ती कटकट समजू नका. १९८३ च्या कायद्याने उभी राहिलेली ती आपल्या बाजूची खिडकी आहे. नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जा. कराराची प्रत घरी ठेवून जा. पासपोर्टची, व्हिसाची झेरॉक्स आईच्या ट्रंकेत ठेवा. पगार थकला तर तिथल्या कामगार खात्यात आणि आपल्या वकिलातीत लगेच नोंद करा, देश सोडल्यावर नव्हे. माझा भाऊ इथेच चुकला.

आपल्या दक्षिण आशियाला तर अशी सनदच नाही. १९८५ मध्ये सार्क स्थापन झाली, पण मानवी हक्कांचे न्यायालय सोडाच, आयोगही नाही. त्यामुळे आफ्रिकेला नावे ठेवण्याआधी आपण जरा थांबावे. मला थांबावे लागले, ते कसे हे सांगून संपवतो.

परत आल्यावर काही वर्षांनी भावाने आंब्याच्या बागा कराराने घ्यायला सुरुवात केली. बागेला राखणदार लागतात आणि रत्नागिरी जिल्ह्यात ते बहुतेक नेपाळहून येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे कामाला परवाना लागत नाही. एका मे महिन्यात भावाचा राखणदार माझ्या पडवीत येऊन उभा राहिला. घरी आई आजारी होती, त्याला जायचे होते. पण त्याचे नागरिकत्वाचे कार्ड भावाच्या कपाटात होते आणि चार महिन्यांचा पगार ‘सीझन संपल्यावर’ मिळणार होता.

मी भावाकडे गेलो. तो म्हणाला, “भाय, आगाऊ दिलेत त्याला. मध्येच पळाला तर बाग कोण बघणार?”

मी विचारले, “तुझा मालक काय म्हणायचा?”

तो काही बोलला नाही. भाभी चहा घेऊन आली, तो तसाच निवत राहिला. खरे सांगायचे तर मलाही त्याला दोष देताना जड जात होते. दरवर्षी त्याच बागेची पहिली पेटी माझ्या घरी यायची. राखणदाराचा हिशोब मी एकदाही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने कार्ड आणि दोन महिन्यांचे पैसे दिले. उरलेले मिरगापर्यंत देतो म्हणाला, कारण दलालाकडून पट्टी यायची होती. राखणदार मान हलवून उभा राहिला, पण गेला नाही. म्हणाला, “बाकीचे कागदावर लिहून द्या.”

मी वहीचे पान फाडले. रक्कम लिहिली, अक्षरी लिहिली, तारीख घातली. दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून मी केली. मग थोडा विचार करून खाली एक ओळ वाढवली, की पैसे न मिळाल्यास पुढील पत्त्यावर यावे, आणि माझ्या घराचा पत्ता लिहिला.